नाशिकची वाईन आणि कार्बनचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईनसाठी द्राक्षं लावणारे बागायतदार, छोट्या वायनरीचे मालक आणि वाईन पिणारे यांच्याकडून वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दाखले मुख्यतः नाशिकचे आहेत. इथलं हवामान, इथली दोन वेळची छाटणी आणि इथली कोळशावरची वीज यांमुळे युरोपातली उत्तरं जशीच्या तशी लागू पडत नाहीत. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. वाईनचा कार्बन फूटप्रिंट म्हणजे नेमकं काय मोजायचं?

वेलीला घातलेल्या खतापासून रिकामी बाटली भंगारात जाईपर्यंत हवेत गेलेले सगळे हरितगृह वायू मोजायचे. डिझेल आणि विजेचा कार्बन डायऑक्साइड, नत्रखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड, कुजणाऱ्या चोथ्यातला मिथेन, चिलरमधून गळणारा गॅस हे सगळं त्यात आलं. प्रत्येक वायू हवा किती तापवतो ते पाहून त्याचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात आणि आकडा ७५० मिलीच्या एका बाटलीमागे मांडतात. बहुतेक अभ्यासांत तो साधारण १ ते २ किलोच्या घरात येतो. जड बाटली किंवा लांबचा प्रवास असेल तर वर जातो.

२. यात सगळ्यात मोठा वाटा कशाचा?

बहुतेक वेळा काचेचा. लोकांना हे पटायला वेळ लागतो, कारण वाईन म्हटलं की डोळ्यांपुढे बाग येते, भट्टी येत नाही. काच वितळवायला सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. शिवाय चुनखडी आणि सोडा ॲश वितळताना त्यांच्यातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो वेगळाच. कॅलिफोर्नियाच्या वाईन इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये केलेल्या मोजणीत एकट्या काचेच्या बाटलीचा वाटा २९ टक्के होता. तिथे द्राक्षशेतीचा वाटा थोडा जास्त होता, पण एकटी बाटली सगळ्या शेतीच्या फारशी मागे नव्हती. हीच काच पुढे ट्रकमधून वाहून न्यायची असते, म्हणजे तिचं वजन दुसऱ्यांदा मोजावं लागतं.

३. आंबताना टाकीतून एवढा वायू निघतो. खरा प्रदूषक तोच ना?

नाही. १३ टक्के अल्कोहोलच्या वाईनमागे लिटरला जवळपास ९८ ग्रॅम, म्हणजे एका बाटलीमागे सुमारे ७४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. पण हा कार्बन वेलीने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो आणि तो हवेतच परत जातो. म्हणून आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटना, म्हणजे ओआयव्ही (भारत २०११ पासून तिचा सदस्य आहे), आपल्या मोजणी पद्धतीत तो धरत नाही.

तरी तो वाया घालवायला हवा असं नाही. टाकीत वाईनवर हवा बसू नये म्हणून वायनऱ्या सिलिंडरमधला वायू विकत आणतात. स्पेनमधल्या तोर्रेस या घराण्याच्या वायनरीने आंबण्यातला वायू पकडून याच कामाला वापरायला सुरुवात केली. नाशिकच्या मध्यम वायनरीला यंत्रणेचा खर्च आज परवडेलच असं नाही. एका गोष्टीत मात्र परवडण्याचा प्रश्नच येत नाही: एक लिटर रस आंबताना पन्नासेक लिटर वायू सुटतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. कामगाराला टाकीत उतरवण्याआधी हवा खेळती करा आणि मीटर लावून तपासा. यात माणसं दगावली आहेत.

४. आमची वायनरी छोटी आहे. सल्लागार परवडत नाही. मोजणी सुरू कशी करायची?

पाच कागद गोळा करा: महावितरणची बारा बिलं, डिझेलच्या पावत्या, खतांच्या पावत्या, चिलरमध्ये भरलेल्या गॅसची नोंद आणि बाटल्यांच्या खरेदीची बिलं. बाटलीच्या बिलावर वजन नसेल तर एक बाटली वाण्याच्या काट्यावर ठेवा.

मग गुणाकार. डिझेलच्या एका लिटरला २.६८ किलो. ग्रिडच्या एका युनिटला सुमारे ०.७ किलो. काचेचा आकडा भट्टीचं इंधन आणि भंगार काचेचं प्रमाण यांवर बदलतो, पण ढोबळ हिशेबाला एक किलो काचेमागे एक किलो धरा. नत्राचं गणित प्रश्न १२ मध्ये आणि चिलरच्या गॅसचं प्रश्न ११ मध्ये आहे. एका रविवारी हे होतं आणि ऐंशी टक्के चित्र समोर येतं. त्याआधी एकही यंत्र विकत घेऊ नका.

पुढे बाहेरच्या तपासणीची गरज लागली तर इंटरनॅशनल वायनरीज फॉर क्लायमेट ॲक्शन हा गट आहे. तोर्रेस आणि अमेरिकेतल्या जॅक्सन फॅमिली वाईन्सने तो २०१९ मध्ये सुरू केला, आणि नाशिकची सुलाही त्यात आहे. २०३० पर्यंत निम्मी घट आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य, हे त्याचं उद्दिष्ट.

५. बाटली किती हलकी करता येते?

वाईनची बाटली ३०० ग्रॅमपासून ९०० ग्रॅमच्या वरपर्यंत मिळते, आणि आत मात्र तेवढीच ७५० मिली वाईन असते. २०२३ मध्ये काही मोठ्या विक्रेत्यांनी मिळून एक करार केला: बाटलीचं सरासरी वजन ५५० ग्रॅमवरून २०२६ च्या अखेरीपर्यंत ४२० ग्रॅमच्या खाली आणायचं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारी मद्यविक्री मंडळाने तर त्याच्या दहा वर्षं आधी स्वस्त वाईनसाठी ४२० ग्रॅमची कमाल मर्यादा घातली होती. म्हणजे ४२० ग्रॅम हे स्वप्न नाही, रोजचा व्यवहार आहे.

आपल्याकडचा हिशेब बघा. एक टन द्राक्षांतून साधारण ९०० बाटल्या भरतात. प्रत्येकी १३० ग्रॅम कमी केले तर ११७ किलो काच वाचली, म्हणजे प्रश्न ४ च्या ढोबळ दराने तेवढाच कार्बन. त्यासाठी बागेत काही बदलावं लागत नाही, फक्त पुढची ऑर्डर बदलावी लागते. माझं स्पष्ट मत आहे की नाशिकच्या कोणत्याही वायनरीने पहिलं काम हेच करावं.

६. हलकी बाटली भरताना फुटत नाही का? आणि ग्राहकाला ती स्वस्त वाटते, त्याचं काय?

फुटण्याचा संबंध वजनापेक्षा काच सगळीकडे सारखी पसरली आहे की नाही याच्याशी असतो. लाइनवर बाटल्या एकमेकींवर आपटत असतील तर जडही फुटतात. पट्ट्याचा वेग आणि मधले गाइड नीट लावून घ्या, आणि सगळा माल बदलण्याआधी एक लॉट भरून पाहा.

दुसरा प्रश्न खरा आहे. लग्नात, दिवाळीत भेट द्यायला घेणारा माणूस बाटली हातात तोलून बघतो. तळाचा खोल खळगा आणि जाड काच म्हणजे भारी वाईन, हे आपणच त्याला शिकवलं आहे. टेस्टिंग रूममध्ये दोन रिकाम्या बाटल्या ठेवा, एक जड, एक हलकी, आणि दोन्ही पाहुण्यांच्या हातात द्या. वजनातला फरक फक्त काचेचा आहे हे सांगितल्यावर लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

७. बिअरच्या बाटल्या धुऊन परत वापरतात. वाईनच्या का नाही?

बिअरच्या बाटल्या एका मापाच्या आहेत, लाखोंनी आहेत आणि भंगारवाल्याला त्यांचा भाव पाठ आहे. वाईनची प्रत्येक वायनरीची बाटली निराळी, रंग निराळा, लेबलचा गोंद निघता निघत नाही. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग भागातल्या सहकारी वायनऱ्या एक लिटरची सामाईक बाटली धुऊन पुन्हा पुन्हा भरतात, कारण ती सगळ्यांची एक आहे. तमिळनाडूत सरकारी दारूच्या दुकानांनी २०२२ मध्ये निलगिरीत बाटलीमागे १० रुपये अनामत घ्यायला सुरुवात केली आणि रिकाम्या बाटल्या परत येऊ लागल्या.

नाशिकमध्ये वायनऱ्या जवळजवळ आहेत आणि बरीच वाईन मुंबई-पुण्यात खपते. दोन-तीन वायनऱ्यांनी एक बाटली ठरवली तर हे इथे जमण्यासारखं आहे. धुलाईच्या गरम पाण्याला सौर हीटर चालतो. मात्र दिल्ली-कोलकात्याहून रिकाम्या बाटल्या परत आणू नका, प्रवासातच फायदा संपतो. लेबल आणि भरण्याचे नियम आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे विचारून घ्या.

८. कॅन किंवा बॉक्समधली वाईन खरंच बरी?

वर्षभरात पिऊन टाकायच्या वाईनसाठी, हो. स्वीडनच्या सरकारी दुकानांत खपणाऱ्या वाईनपैकी साधारण निम्मी बॉक्समधली असते. आपल्याकडे सुलाची दिया आणि अकलूजच्या फ्रातेल्लीची टिल्ट कॅनमध्ये आली. ॲल्युमिनियम तयार करायला वीज प्रचंड लागते, पण कॅनचं वजन थोडं आणि आपल्याकडे तो भंगारात हमखास विकला जातो. बॉक्सच्या आतली पिशवी मात्र भंगारवाला घेत नाही, ही तिची खोट आहे. पाच वर्षं ठेवायची शिराझ यात भरू नका.

९. आम्ही रात्री द्राक्षं काढतो. त्याने कार्बन किती वाचतो?

युरोपात काढणी ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे चालते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी (वेलीच्या वाढीसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी), आणि माल येतो जानेवारी ते मार्चमध्ये. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी पारा तिशीपार जातो आणि पहाटे पंधराच्या आसपास असतो. म्हणून रात्री दिवे लावून काढणी करतात.

१५ अंशांनी गार माल आला तर एका टनामागे साधारण ५५ मेगाज्यूल उष्णता काढावी लागत नाही. बऱ्या चिलरवर हे पाचेक युनिट झाले, म्हणजे साडेतीन किलो कार्बन. आता प्रश्न ५ मधले ११७ किलो शेजारी ठेवा.

याचा अर्थ रात्रीची काढणी सोडा असा नाही. रसाचा सुगंध टिकतो, मजुरांना उन्हात राबावं लागत नाही, आणि चिलरवरचा एकदम येणारा भार कमी होतो, त्यामुळे लहान चिलर पुरतो. पण "आम्ही रात्री काढणी करतो, म्हणून आमची वाईन हरित" असं लेबलवर छापू नका.

१०. छतावर सोलर बसवला की काम झालं?

विजेपुरतं बरंचसं झालं. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतात, म्हणजे ग्रिडच्या तुलनेत जवळपास एक टन कार्बन वाचतो. आपली काढणी स्वच्छ उन्हाच्या दिवसांत येते, हे नशीबच. अडचण एवढीच की माल पहाटे येतो आणि ऊन दुपारी. त्यावर उपाय म्हणजे दिवसा सोलरवर ग्लायकोल (टाक्या गार करायला पाइपांतून फिरवतात ते द्रव) किंवा बर्फाची टाकी गार करून ठेवणं आणि पहाटे तो गारवा वापरणं. बॅटरीपेक्षा हे स्वस्त पडतं.

त्याहीआधी टाक्या आणि ग्लायकोलचे पाइप इन्सुलेट करा. पाइपवर दव जमलेलं दिसतं तिथे तुमची वीज ओघळते आहे.

११. चिलरचा गॅस दर वर्षी थोडा भरावा लागतो. त्याचा यात काय संबंध?

फार मोठा. आर-४०४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ३,९०० पट हवा तापवतो. तो एक किलो गळला तर ३.९ टन धरायचे, म्हणजे ५०० ग्रॅमच्या ७,८०० बाटल्यांच्या काचेइतके. "दर वर्षी थोडा भरावा लागतो" याचा अर्थ दर वर्षी तेवढा हवेत जातो. मेकॅनिकला टॉप-अप करायला नव्हे, गळती शोधायला बोलवा. नवीन यंत्र घेताना अमोनियावर किंवा प्रोपेनवर चालणारं मिळतं का पाहा. अमोनिया विषारी आणि प्रोपेन ज्वालाग्राही आहे, त्यामुळे बसवणारा जाणकार हवा.

१२. मी फक्त द्राक्षं पिकवतो, वाईन बनवत नाही. माझ्या बागेत काय बदलू?

नत्रापासून सुरुवात करा. जमिनीत घातलेल्या नत्रापैकी साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडतो, हे जगभर वापरलं जाणारं गृहीतक आहे, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट घातक आहे. १०० किलो नत्र, म्हणजे युरियाच्या जवळपास पाच गोण्या, यातून ४३० किलोंचा भार होतो. १६० लिटर डिझेल जाळल्यासारखंच हे. खत कारखान्यात बनताना झालेलं उत्सर्जन त्यात धरलेलं नाही. देठ परीक्षण (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांची तपासणी) करून घ्या आणि लागेल तेवढंच, ठिबकमधून, हप्त्याहप्त्याने द्या. वाईनच्या द्राक्षांना एरवीही जास्त नत्र नकोच असतं. वेल माजते, पानांची गर्दी होते, भुरी हा बुरशीरोग येतो आणि घडात सुगंध भरत नाही.

मग काड्या. आपण वर्षात दोनदा छाटतो, म्हणून काड्याही दोनदा निघतात. बांधावर पेटवून देण्याची सवय सोडा, श्रेडरने चुरा करून बेडवर पसरा. एप्रिल-मेच्या उन्हात या आच्छादनाने ओल टिकते आणि पंप कमी चालतो. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चारेक युनिट खातो, म्हणजे जवळपास तीन किलो कार्बन. सौर पंपासाठी "मागेल त्याला सौर कृषी पंप" ही राज्याची योजना आहे. काडीवर रोग असेल तर मात्र चुरा बागेत पसरू नका, नीट कुजवून मगच वापरा.

फवारणीचं डिझेल तिसरं. केवडा आणि भुरी या रोगांच्या भीतीने आपण ठरलेल्या दिवशी ब्लोअर काढतो. हवामानाचा अंदाज आणि पानांवरचा ओलावा पाहून फवारणी ठरवली तर काही फेऱ्या वाचतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले यासाठीच असतात.

१३. चोथ्याचं काय करावं?

वायनरीमागे ढीग लावून सोडू नका. आत हवा पोचली नाही की मिथेन तयार होतो. काड्यांचा चुरा आणि शेण मिसळून, ढीग पलटत राहून कंपोस्ट करा आणि ते त्याच शेतकऱ्याच्या बागेत परत पाठवा. माल घेऊन आलेला टेम्पो रिकामा परत जातो, त्यात भरा.

१४. पांढऱ्या वाईनला उणे चार अंशांवर कित्येक दिवस ठेवावं लागतं. हे टाळता येईल का?

पुष्कळ अंशी. हा सगळा खटाटोप बाटलीच्या तळाशी साखरेसारखे स्फटिक दिसू नयेत म्हणून. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात आणि अपायकारक नसतात. वाईनमध्ये त्याच क्षाराची बारीक पूड टाकून ढवळत ठेवली तर दिवसांचं काम काही तासांत होतं. बाहेर पडणाऱ्या गार वाईनने आत येणारी वाईन गार करा, म्हणजे तोच गारवा दोनदा वापरला जातो. आणि रेस्टॉरंटमधल्या वेटरना स्फटिकांबद्दल दोन वाक्यं शिकवा.

१५. बूच की स्क्रू कॅप?

यावर जितका वाद होतो तितका कार्बन त्यात नाही. पोर्तुगालमध्ये बुचाच्या ओकची साल साधारण नऊ वर्षांनी काढतात, झाड तोडत नाहीत, त्यामुळे बूच चांगलं. पण बुचामुळे बिघडलेली प्रत्येक बाटली सगळ्या उत्सर्जनासह मोरीत ओतली जाते. वाईनला जे मानवेल ते लावा आणि वेळ प्रश्न ५ ला द्या.

१६. ऑरगॅनिक द्राक्षांची वाईन म्हणजे कमी कार्बनची वाईन ना?

दर वेळी नाही. रासायनिक नत्र वाचतं, हा मोठा फायदा. पण बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याची बुरशीवरची फवारणी) पानावर बाहेरच राहतं आणि पावसाने धुऊन जातं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला की पुन्हा फवारणी, पुन्हा डिझेल. त्यात उत्पन्न घटलं तर तेच डिझेल कमी बाटल्यांवर वाटलं जातं. ऑरगॅनिक शेती माती, पाणी आणि फवारणाऱ्याच्या आरोग्यासाठी करावी, ती कारणं पुरेशी आहेत. कार्बनचा आकडा मात्र मोजूनच सांगावा.

१७. मी दिल्लीत राहतो. फ्रान्सची वाईन घेण्यापेक्षा नाशिकची घेणं चांगलं ना?

प्रवासापुरतं बोलायचं तर उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. भरलेली बाटली सव्वा किलोची धरू. नाशिक ते दिल्ली ट्रकने सुमारे १,२५० किलोमीटर. टन-किलोमीटरला ९० ग्रॅम धरले तर बाटलीमागे १४० ग्रॅम. मार्सेय ते मुंबई सुएझमार्गे सुमारे ८,४०० किलोमीटर. जहाजाला टन-किलोमीटरमागे १२ ग्रॅम धरले तर १२५ ग्रॅम. म्हणजे जहाज आणि ट्रक बरोबरीत. पण फ्रेंच बाटलीला मुंबईपासून दिल्लीपर्यंतचा रस्ता उरतोच, म्हणून दिल्लीतही नाशिक पुढे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा ते अंतर दुपटीहून जास्त होतं. मुंबईकरासाठी तर प्रश्नच नाही, नाशिकहून येताना वीस ग्रॅमसुद्धा लागत नाहीत. विमानाने आलेली वाईन या हिशेबातच बसत नाही, ती घेऊ नका.

१८. स्पार्कलिंग वाईनची बाटली हलकी करता येत नाही. मग?

थोडी करता येते. आत सहाएक बारचा दाब असतो, त्यामुळे ४२० ग्रॅमचा विचारही करू नका, जीवावर बेतेल. पण खुद्द शॅम्पेनमध्ये २०१० मध्ये बाटली ९०० ग्रॅमवरून ८३५ वर आणली गेली. बाकी बचत चिलर, वीज आणि बाग यांतूनच करावी लागेल.

१९. आमच्या वेली कार्बन शोषतात. मग आमची वाईन "कार्बन न्यूट्रल" म्हणून विकू का?

नका विकू. पानं आणि घड यांतला कार्बन वर्षभरात परत जातो. खोडात राहतो तो थोडा, आणि बाग काढली की तोही जातो. मातीत साठलेला कार्बन खरा असतो, पण तो अनेक वर्षं नमुने घेऊन सिद्ध करावा लागतो आणि चार वेळा खोल नांगरलं की उडतो. बाहेरून क्रेडिट विकत घेऊन शून्य दाखवण्यापेक्षा "आमची बाटली गेल्या वर्षी ५६० ग्रॅमची होती, यंदा ४३० ची आहे" एवढं लेबलवर छापा. ते कोणालाही घरच्या काट्यावर तपासता येतं.

२०. वायनरी आमच्याकडून करारावर द्राक्षं घेते. बागेतलं उत्सर्जन कोणाच्या खात्यात, आणि ते कमी करण्याचा खर्च कोणी करायचा?

खात्यात दोघांच्याही. तुमचं डिझेल तुमच्या हिशेबात थेट येतं आणि वायनरीच्या हिशेबात खरेदी केलेल्या मालाबरोबर येतं. ही दुबार मोजणी चूक नाही, पण घट झाली तर ती दोघांनी वेगवेगळी विकू नये.

खर्चाबद्दल मी शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो. वायनरीला हिरवी बाटली विकून जास्त भाव मिळणार असेल तर श्रेडरचं भाडं, देठ परीक्षणाची फी आणि नोंदी ठेवण्याची मजुरी करारात लिहून घ्या. आपल्या करारात ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या मापावर) दर ठरतो, तसा काड्या न जाळल्याबद्दल किलोमागे ठरावीक रक्कम असं कलम घालता येतं. खरड छाटणीनंतर हातात थोडा मोकळा वेळ असतो. पुढच्या हंगामाच्या कराराची बोलणी तेव्हाच करा, माल तयार झाल्यावर नाही.